जुलैतलं छप्पर

सूपमध्ये वरून जे पडलं ते नुसतं शेवाळ होतं की त्यात वस्तीला असलेलं कुणी, याचा निकाल लागेपर्यंत फिलिदोरने चमचा खाली ठेवला. पडलेली वस्तू बटाट्याच्या फोडीला टेकली आणि तिने सावकाश एक पाय बाहेर काढला. मग आणखी बरेच.

"किडा आहे," तो म्हणाला.

"बारका आहे," त्याची बायको एर्सिरा म्हणाली. "काढ आणि खा. निवेल."

फिलिदोरने वाडगा दोन बोटांनी उचलला, हात लांब धरून दारापर्यंत नेला आणि सूप बाहेर पावसात ओतलं. कोंबड्या धावत आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्याही परत गेल्या. त्याला कोंबड्यांची किळस होतीच, पण त्या क्षणी त्यांचं म्हणणं पटलं.

फिलिदोर माणूस किळसवाणा नव्हता. माणसाला किळस येत असे. हा फरक चिलीच्या दक्षिणेकडच्या, चिलोएच्या त्या छोट्या बेटावर सगळ्यांना ठाऊक होता. चौतीस वर्षं त्याने फेरीबोटीच्या धक्क्यावर पिवळा रेनकोट घालून लोकांच्या गाड्या उलट्या चढवून घेतल्या. "मागे, मागे, अजून थोडं मागे, बस." सगळ्या आयुष्यात मोठ्याने बोललेले शब्द एवढेच. बाकी वेळ तो लोकांकडे पाहत असे आणि त्यांच्यात त्याला न आवडण्यासारखं पुष्कळ सापडत असे. माशाचे हात काचेला लावणारे ड्रायव्हर. रांगेत उभं राहून नाक झटकणारे. एकाच तोंडाने शिव्या देऊन त्याच तोंडाने मुलांचे पापे घेणारे. निवृत्त झाला तेव्हा त्याला वाटलं, आता घरात बसून स्वच्छ राहू. तेव्हापासून घर गळत होतं.

छप्पर लाकडी कौलांचं. पंचावन्न वर्षांची कौलं काळी पडून स्पंजासारखी झाली होती, दाबली तर पाणी सुटायचं. वर हिरवळ अशी माजली होती की मेंढी चढवली असती तर आठवडाभर उतरली नसती. खाटेची जागा त्या हिवाळ्यात चारदा बदलली होती. आता ती खोलीच्या मधोमध तिरपी उभी होती आणि तरीही एर्सिराच्या बाजूला पायाशी थेंब पडतच होता. तिची बाजू तीच, कारण दुसऱ्या बाजूला भिंतीला बुरशी होती आणि बुरशीशेजारी फिलिदोर झोपू शकत नसे.

नवे जस्ताचे पत्रे नोव्हेंबरपासून गोठ्यात पडून होते. नगरपालिकेच्या योजनेतून मिळालेले. उन्हाळ्यात छप्पर बदलायचं हे बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. पण जानेवारीत फिलिदोरला वाटलं, वारा फार आहे. फेब्रुवारीत बटाटे काढायचे होते. मार्चमध्ये त्याने काही कारणच सांगितलं नाही, नुसता पत्र्यांवर टारपोलिन घालून आला. खरं कारण एर्सिराला माहीत होतं. छप्पर एकट्याने बदलत नाही. त्याला मिंगा घालावी लागते, म्हणजे दारोदार जाऊन माणसं मागायची. ती फुकट येतात, दिवसभर राबतात आणि मग तुमच्या घरात बसून जेवतात. फिलिदोर आजवर गावच्या प्रत्येक मिंगेला गेला होता. कुणाचं कोठार ओढलं, कुणाचं घर उचललं, कुणाची बोट पाण्यात लोटली. स्वतःच्या घरी एकही घातली नव्हती. लोक राबतील याला त्याची हरकत नव्हती. ते जेवतील, याला होती.

"आपली यानेथ शनिवारी येतेय," एर्सिरा म्हणाली. ती खोकली, आणि तो खोकला तळापासून वर येईपर्यंत दोघंही थांबले. "वसंत ऋतू येईपर्यंत मला शहरात, पुएर्तो माँतला तिच्याकडे नेते म्हणते."

"तिच्या घरात चौथ्या मजल्यावर मांजर आहे."

"मांजर गळत नाही."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तू होतास की तिथं. घर कोरडं ठेवा म्हणाला. तू त्याच्या नखांकडे बघत होतास." तिने गळतीखालचं भांडं उचलून त्यातलं पाणी मोठ्या भांड्यात ओतलं. "ऐक म्हाताऱ्या. शनिवारपर्यंत छप्पर झालं तर मी राहते. नाही झालं तर जाते. अंथरुणात छत्री घेऊन झोपायला मी काही बेडूक नाही."

त्या दिवशी सोमवार होता.

फिलिदोर बाहेर जाऊन उभा राहिला. उत्तरेचा वारा आठ दिवस पाऊस आणत होता, आडवा, तोंडात घुसणारा. जुलै म्हणजे ऐन हिवाळा. या दिवसांत छप्पर उघडायचं तर एकच वेळ असते: उत्तरेचा वारा थकतो आणि दक्षिणेचा सुरू होतो ती. मग आभाळ स्वच्छ होतं, खाडीपलीकडचे बर्फाचे डोंगर इतके जवळ दिसतात की लाज वाटते, आणि दोन-तीन दिवस अशी थंडी पडते की कोंबडी अंडं घालायला विसरते. पण कोरडं असतं. त्या दोन दिवसांत काम झालं तर झालं. मध्येच वारा फिरला तर डोक्यावर ना जुनं छप्पर ना नवं, आणि खोकणारी बाई उघड्यावर.

चौतीस वर्षं त्याने खाडी पाहिली होती. ढगांच्या कडेला पश्चिमेकडे एक पिवळसर फट पडली होती, जुन्या गादीच्या डागासारखी. गुरुवार, त्याने ठरवलं. गुरुवारी दक्षिण वारा.

म्हणजे माणसं मागायला उद्याच निघायला हवं होतं. तो आत आला. एर्सिराने त्याच्या कोटाच्या वरच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली चांदीची नळी काढली आणि कपाटात ठेवली.

ती त्याची स्वतःची नळी होती. बेटावर कुणाच्याही घरी गेलं की माते येते, कडू पाल्याचा गरम चहा: एकच भोपळ्याचा प्याला, एकच नळी, यजमान पुन्हा पुन्हा पाणी भरतो आणि प्याला सगळ्यांच्या तोंडून फिरतो. फिलिदोर चाळीस वर्षं आपली नळी खिशात घेऊन फिरत होता. लोकांनी ते चालवून घेतलं होतं, जसं एखाद्याचं तिरळं बघणं चालवून घेतात.

"उद्या ही नको," एर्सिरा म्हणाली. "मागायला जातोयस."

"आणि नेफ्तालीची आई?"

"तीपण पिते. सगळे पितात. अजून कोणी मेलं नाही."

"पुष्कळ मेले आहेत," फिलिदोर म्हणाला.

नेफ्ताली त्याचा कोंपाद्रे, लेकीच्या, यानेथच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून हाच उभा होता. मंगळवारी सकाळी तो चुलीशेजारी बसून चाकूने पायाचं नख कोरत होता. त्याच चाकूने त्याने मग चीज कापलं आणि फिलिदोरपुढे धरलं. फिलिदोरने ते हातात घेतलं आणि हातातच ठेवलं. नेफ्तालीच्या आईने, नव्वदीची, तोंडात एकही दात नाही, प्याला घेऊन नळी ओठांत पकडली. तिचे गाल आत गेले, बराच वेळ आतच राहिले, मग नळीतून शेवटचा घुर्र आवाज आला. नेफ्तालीने त्याच प्याल्यात गरम पाणी भरलं आणि फिलिदोरकडे दिला.

नळीच्या टोकाला काहीतरी ओलं चमकत होतं. फिलिदोरने डोळे मिटले आणि ओढलं. गरम, कडू, आणि मागून थोडी म्हातारी. प्याला परत देताना त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आभारी आहे."

आणि संपलं. माते देणाऱ्याचे आभार मानले म्हणजे आता पुरे, मला नको, मी निघालो. लहान मुलालाही हे कळतं. प्याला पुढे म्हातारीकडे गेला, तिच्याकडून नेफ्तालीकडे, आणि फिलिदोरला वगळून फिरत राहिला. पहिल्या मातेवर कामाचं बोलायचं नसतं, ते तिसऱ्यावर. त्याची तिसरी येणारच नव्हती.

"बरं वाटलं आलात, कोंपाद्रे," नेफ्ताली म्हणाला. "पाऊस आहे, जपून जा."

फिलिदोर बाहेर गेला. फाटकापर्यंत गेला. हातात अजून चीज होतं. कुत्र्याने ते मागितलं, त्याने दिलं, आणि कुत्र्याने ज्या प्रेमाने त्याचा हात चाटला त्याने तो शहारला. मग तो मागे वळला. स्वतःच्याच डोक्यात त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, मागे, मागे, अजून थोडं मागे, आणि त्याला स्वतःचीही थोडी किळस आली.

"काय विसरलात?" नेफ्तालीने विचारलं.

"तहान लागलीय," फिलिदोर म्हणाला.

नेफ्तालीने आईकडे पाहिलं. आईने प्याला पुढे केला, आधी स्वतः ओढून. फिलिदोर प्यायला. दुसरी आली, तीही प्यायला. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाफेने असं नेफ्तालीने सौजन्याने समजून घेतलं.

"विचारा आता," तो म्हणाला.

"गुरुवारी छप्पर काढायचंय. तुमच्याकडे विनंती घेऊन आलोय."

"जुलैत?"

"जुलैत."

"जुलैत छप्पर काढणं म्हणजे आजारी माणसाची चादर ओढणं. जानेवारीत का नाही सांगितलंत?"

फिलिदोरने मनगटाने ओठ पुसले. उत्तर नळीएवढंच होतं आणि अजून ओठांवर चिकटलेलं होतं.

"त्याची बायको खोकते," म्हातारी अचानक म्हणाली. "चर्चमध्ये माझ्या मागं बसते. मला प्रवचन ऐकू येत नाही." मग मुलाकडे वळून: "जा. आणि शिडी आपली ने, त्याची मोडकी असेल."

दिवसभरात अकरा घरं झाली. दुपारनंतर त्याचं पोट बटाट्याच्या तळलेल्या पोळ्यांनी आणि गावभरच्या तोंडांनी भरून गेलं होतं. शेवटचं घर सुनिल्दाचं, विधवा बाई, दोन धिप्पाड मुलगे. तिने पाणी ठेवलं, टेबलाच्या खणातून एक वेगळी नळी काढली, उकळत्या पाण्यात बुडवली, पुसली आणि त्याच्या एकट्याच्या प्याल्यात ठेवली.

"ही तुमची, शेजारी."

"माझी?"

"पंचवीस वर्षं ठेवलीय. माझा नवरा होता तेव्हापासून. म्हटलं कधी आलात तर तुम्हाला त्रास नको." ती सहज बोलत होती, जसं आपण पाहुण्याच्या मांजरासाठी वेगळी ताटली ठेवतो. "तुम्ही आलाच नाहीत. एर्सिराला म्हणायचे, घेऊन ये त्याला. ती म्हणायची, तो नाही येत आणि मी कुणाला बोलावूही शकत नाही."

फिलिदोर प्यायला. नळी अगदी स्वच्छ होती, पाण्याला राखेचासुद्धा वास नव्हता. दिवसभरातल्या कुठल्याही घोटापेक्षा हा घोट गिळायला अवघड गेला. का, ते त्याला कळेना, आणि न कळणाऱ्या गोष्टींची त्याला फार चीड असे.

"येतील मुलं," सुनिल्दा म्हणाली. "मीपण येते. बायका लागतील स्वयंपाकाला."

गुरुवारी पहाटे दक्षिणेचा वारा आला. निदान आभाळाने त्याला फसवलं नाही. कुंपणावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं आणि डोंगर अगदी शेजारी येऊन बसले होते. अठरा माणसं आली. छपरावरची हिरवळ काचेसारखी घसरडी झाली होती, म्हणून चुलीची राख टोपल्यांनी वर फेकली. मग कौलं उपटायला सुरुवात झाली आणि फिलिदोरचं पंचावन्न वर्षांचं घर आतून दिसायला लागलं.

ते दिसायला नको होतं. कौलांखाली उंदरांची घरटी होती, एक प्रशस्त, अनेक पिढ्यांचं, त्यात यानेथच्या लहानपणीचा लोकरी मोजा. काळा भुसा. वाळलेली वटवाघळं, कागदासारखी. एक मेलेला पक्षी, ज्याच्यातून अजून काही जिवंत बाहेर येत होतं. हे सगळं इतकी वर्षं आपल्या झोपेवर होतं, या विचाराने फिलिदोर शिडीच्या मध्यावर थांबला आणि खाली पाहण्याचीही त्याला सोय राहिली नाही.

"काय कोंपाद्रे," वरून नेफ्ताली म्हणाला, "तुमच्या घरात तुमच्यापेक्षा जुने भाडेकरू निघाले."

"स्वच्छ माणूस," सुनिल्दाचा थोरला म्हणाला. "पाहुणे फक्त वरच्या मजल्यावर ठेवतो."

सगळे हसले. वाफेचे ढग निघाले. पत्र्याला उघडा हात लागला की गारठ्याने बोटं भाजत. लोक हातांत मोजे घालून ते वर चढवत होते. दुपारी दोन वाजता वाऱ्याने एकदा दम घेतला. उत्तरेकडे एक करडी रेघ उमटली. सगळ्यांनी हातोडे थांबवून फिलिदोरकडे पाहिलं. छपराचा तिसरा भाग अजून उघडा होता.

फिलिदोरने रेघेकडे पाहिलं. "रात्रीपर्यंत येत नाही," तो म्हणाला. "पण घाई करा."

त्यांनी केली. तो खिळे आणायला स्वयंपाकघरात उतरला, त्याचं छप्पर वेगळं आणि बंद होतं. आत वाफ, तेल, कांदा, ओली लोकर आणि आठ बायका. जमिनीवर चिखलाचा थर. कुणीतरी पडद्याला हात पुसले होते. पाचही बोटं ओळखू येत होती. आणि मधोमध एर्सिरा, पायात कापडी चपला, हातात माते घेऊन हसत होती. तोंड उघडं टाकून, मागची दाढ नसलेली जागा दिसेपर्यंत. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली, आणि प्याला सुनिल्दाकडे दिला. फिलिदोरला ती पोकळ जागा कधी पडली तेच आठवेना. तो खिळे घेऊन वर गेला.

साडेतीनला शेवटचा पत्रा बसला. आठ बायकांनी आधीच भरलेल्या त्या स्वयंपाकघरात अठरा माणसं शिरली. मिंगेचं जेवण अंधार पडून बराच वेळ झाला तरी चालतं. गाणं होतं, सफरचंदाची दारू होते, कुणीतरी कुणाचं लग्न जमवतं. फिलिदोरने ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. तो बोललाही नाही. तो फक्त आवरायला लागला. रिकामी झालेली ताटली उचलली. मग अर्धी रिकामी झालेली. मग नेफ्तालीच्या हातातला चमचा.

"कोंपाद्रे, तो अजून माझ्या तोंडात आहे."

"धुवून आणतो."

उकळत्या पाण्यात ब्लीच ओतल्याचा वास घरभर पसरला. कुणीतरी अकॉर्डियन बाहेर काढलं होतं, ते पुन्हा पिशवीत गेलं. सुनिल्दाने मुलांकडे पाहिलं. एकेक करून लोक उठले, एर्सिराच्या गालाचे मुके घेतले, फिलिदोरला लांबूनच हात केला. पाचलाच घर रिकामं होतं. उजेड अजून थोडा होता.

फिलिदोरने बादली भरली, फडकं घेतलं. एर्सिरा बाकावर बसली होती.

"ठेव ते," ती म्हणाली.

"चिखल आहे."

"असू दे. आज नको पुसूस."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्याने फडकं ठेवलं. रात्री पाऊस आला, ठरल्याप्रमाणे. पत्र्यावर तो वाळू ओतल्यासारखा वाजला. आत एक थेंब नाही.

शुक्रवारी सकाळी एर्सिरा कपाटातून बॅग काढून कपडे भरत होती.

"हे काय?"

"उद्या यानेथ येतेय."

"छप्पर झालंय," फिलिदोर म्हणाला. "तू म्हणालीस, छप्पर झालं तर राहीन."

"म्हणाले होते." तिने स्वेटरच्या बाह्या दुमडल्या, पुन्हा उलगडल्या, पुन्हा दुमडल्या. "छान झालंय. डॉक्टरला दाखवण्यासारखं."

"मग?"

"काल घर भरलं होतं, म्हाताऱ्या. मला वाटलं, आता असंच होईल कधीमधी. मग तू चमचे गोळा करायला लागलास." ती राग आल्यासारखं बोलत नव्हती, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "सकाळपासून मी ऐकतेय. काही नाही. आधी निदान गळती तरी बोलायची."

फिलिदोरला पुष्कळ बोलायचं होतं. अकरा घरचे प्याले प्यालो, हे बोलायचं होतं. नेफ्तालीच्या आईच्या मागून प्यालो. कुणासाठी? पण ते सगळं तिला माहीतच होतं, आणि माहीत असूनही ती मोजे जोडीने लावत होती.

"वसंतात येशील?"

"बघू." मग मोज्यांची जोडी बॅगेत खुपसत: "येईन. बटाटे लावायला तुला जमत नाही."

त्याने बादलीकडे पाहिलं.

"मी गेल्यावर पूस," ती म्हणाली. "उद्यापर्यंत राहू दे."

शनिवारी धक्क्यावर यानेथने बापाच्या गालाला गाल लावला आणि सांगितलं, फोन करत जा, उचलल्यावर बोलतही जा. एर्सिरा गाडीत पुढे बसली होती, मांडीवर नेफ्तालीच्या आईने पाठवलेली पिशवी. पिवळ्या रेनकोटातल्या नव्या पोऱ्याने गाडी उलटी चढवून घेतली. चांगली चढवली नाही. चाक कडेला घासलं. फिलिदोरने काही सांगितलं नाही. बोटीची फळी उचलली जाईपर्यंत थांबला, नंतरही थोडा थांबला. कुणीतरी शेजारी नाक झटकलं. तो घरी आला.

घर कोरडं होतं. इतकं कोरडं की चिखल वाळून पांढरट झाला होता आणि ठसे कोरल्यासारखे दिसत होते. नेफ्तालीचा फाटक्या टाचेचा बूट. सुनिल्दाच्या पोरांचे, बोटीएवढे. बाकावरसुद्धा एक ठसा. फिलिदोरने पाणी गरम केलं, ब्लीच घातलं, गुडघ्यांवर बसला आणि दारापासून सुरुवात केली. एकेक बूट नाहीसा होत गेला. पाणी काळं झालं, त्याने बदललं. पुन्हा काळं झालं, पुन्हा बदललं.

चुलीपाशी मोठे बूट कमी होते. तिथे एका कापडी चपलेचे ठसे होते, छोटे, उजवा पाय किंचित बाहेर पडलेला. चुलीपासून बाकापर्यंत आणि परत. बाकापासून चुलीपर्यंत आणि परत. एकावर एक इतक्या फेऱ्या की मध्ये वाट पडली होती. एका जागी दोन्ही ठसे शेजारी शेजारी, स्थिर; तिथे कुणीतरी उभं राहून बराच वेळ हसलं होतं.

फिलिदोरने फडकं पिळलं. बारकाईने, कुठेही न लागता, त्याने त्या वाटेच्या एका कडेने पुसलं, मग उठून पलीकडे गेला आणि दुसऱ्या कडेने पुसलं. चिखल तो चिखलच. त्यात शेणही असणार. पाहून त्याला किळस आली. त्याने बादली उचलली, त्या वाटेवर पाय पडू न देता भिंतीकडेने फिरून दारापर्यंत गेला, आणि पाणी बाहेर ओतलं.